जांभळ्या उजेडातली भिंत

आमच्या गावात कुणालाही "काही मिळालं का?" असं विचारा, उत्तर एकच येतं. "कुठलं काय, नुसता पांढरा दगड." ज्याला खरंच काही मिळालेलं नाही तो हेच सांगतो, आणि ज्याच्या जेवणाच्या डब्यात कापडात गुंडाळलेलं लालभडक ओपलचं रत्न आहे तोही हेच सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या कूबर पेडीत नुसती म्हण नाही. मूठ उघडली की उंदीर येतात. रात्री दुसऱ्याच्या खाणीत उतरून त्याचं ओपल खणून नेणाऱ्याला आम्ही उंदीर म्हणतो. खुन्याला इथं एखादा कॉफी पाजेल, उंदराला कुणी पाणीसुद्धा देणार नाही. आणि गावाला पाणी देणारा मीच आहे, तेव्हा मला माहीत.

मी फोतिस. पाण्याचा टँकर चालवतो. गावाबाहेर जी जमिनीखालची घरं आहेत, ज्या खाणी आहेत, तिथल्या टाक्या भरतो. टाकी भरेपर्यंत दारात उभं राहावं लागतं, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय ते मला कळतं. एव्दोकियाच्या घराचं तर विचारूच नका. तिच्या लग्नात तिच्या आणि आर्गिरीसच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा मी. आम्हा ग्रीकांत अशा माणसाला कुंबारोस म्हणतात. तो मरेपर्यंत त्या घराचा होऊन राहतो, त्याला आवडो न आवडो. ती मला हाक मारते ती "कुंबारे" अशीच.

एव्दोकिया आली कालिम्नोस बेटावरून, नवरी होऊन. समुद्राच्या काठी वाढलेली पोरगी या लाल मातीत आली आणि पहिलं वर्षभर रडली. मग रडणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं, ते आजतागायत थांबलेलं नाही. बुटकी, गोल, हातवारे करणारी. सासऱ्याने तिला चाकावर ओपल घासायला शिकवलं. कुठून धरायचं, कुठे थांबायचं, रंगाचा थर किती पातळ आहे ते बोटाने कसं ओळखायचं, हे सगळं तिने म्हाताऱ्याच्या शिव्या खात आत्मसात केलं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. आर्गिरीस खाली खणायचा, ती वर विकायची.

आर्गिरीस म्हणजे तिच्या अगदी उलट. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर सुरुंगच लावायला हवा. चांगला माणूस, कष्टाळू माणूस, पण ताकास तूर लागू देणार नाही. किती सापडलं ते तो बायकोलाही सांगायचा नाही. दगड आणून टेबलावर ठेवायचा, तेव्हा तिला कळायचं. त्याच्या बापाने त्याला असंच वाढवलं होतं. बायको ही पण बाईच, ती विहिरीवर बोलणार, असं तो म्हातारा म्हणायचा. इथं विहिरी नव्हत्या, आणि पाणी मी आणत होतो, पण म्हण त्याने बेटावरून बरोबर आणली होती.

पुढे दिवस फिरले. पर्यटकांच्या बस यायच्या थांबल्या. हाँगकाँगचे व्यापारी दर वर्षी मोटेलच्या खोलीत तराजू मांडून बसायचे, तेही येईनासे झाले. दुकानात आठवडा आठवडा माणूस फिरकेना. अॅडलेड शहरात राहणाऱ्या लेकीने आईला नवा फोन आणून दिला, तो उभा करायला एक दांडा दिला, आणि सांगितलं, "आई, तू दुकानात जशी बोलतेस ना, तशीच याच्याकडे बघून बोल."

हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखंच झालं. एव्दोकियाने फोन घासायच्या चाकासमोर उभा केला आणि सगळ्या जगासमोर लाइव्ह सुरू झाली. दगड घासता घासता बोलायची. बाकीचे विकणारे दगड पाण्यात बुडवून दाखवतात, कारण ओलं ओपल चमकतं. ही ॲप्रनला पुसून कोरडा दगड पुढे धरायची आणि म्हणायची, "ओला दगड सगळेच दाखवतात. ओली झाली तर माझी सासूही सुंदर दिसायची. हा घ्या, कोरडा केला. आता बघा." कुणी भाव पाडायला बघितलं तर ती त्याला त्याच्या आईच्या नावाने विचारायची की आईने हेच शिकवलं का रे तुला. लोकांना ते भलतंच आवडलं. कॅनडातल्या, जर्मनीतल्या, कुठकुठल्या बायका रात्र जागून हिच्या शिव्या ऐकायला बसू लागल्या, आणि ऐकता ऐकता दगडही घेऊ लागल्या. पोस्टाच्या खिडकीवर हिच्या डब्यांची चळत लागायची. मी तेव्हा तिची चेष्टा केली, पण खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा. त्या घराची चूल तिने एका फोनवर पेटती ठेवली होती.

आर्गिरीस या सगळ्यापासून चार हात लांब. त्याच्याकडे बटणांचा जुना फोन. ती बोलू लागली की तो मागच्या खोलीत जाऊन बसायचा.

बघणाऱ्यांत एकजण होता. त्याला फोटो नव्हता, नावाच्या जागी नुसते आकडे. तो सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या शेवटी जायचा, विकत कधी काही घ्यायचा नाही, लिहायचा नाही. एव्दोकिया त्याला मुका पाहुणा म्हणायची. "या मुके पाहुणे, बसा, कॉफी गार होतेय," असं म्हणून हसायची. मला त्याच्यावर हसू येत नसे. दुकानात येऊन काही न घेता रोज कोपऱ्यात उभा राहणारा माणूस मी तरी दारापर्यंत पोचवून आलो असतो. फोनला दार नाही.

लोकांना चाकाचा कंटाळा यायला लागला. खाण दाखव, खाण दाखव, असा धोशा त्यांनी लावला. तेव्हाच आर्गिरीसच्या खाणीत काहीतरी सापडलं होतं. तिला ते कळलं, कारण तो जेवताना शिट्टी वाजवायला लागला होता. तिने त्याच्या मागे भुणभुण लावली आणि एक दिवस तो तिला खाली घेऊन गेला. बोगद्याच्या टोकाला त्याने जांभळा दिवा लावला, ज्यात ओपल चमकतं तो, आणि कंबरेच्या उंचीवर भिंतभर एक पट्टा पेटल्यासारखा उजळला. ती मला नंतर म्हणाली की कुंबारे, लग्नाच्या दिवशी मी रडले नव्हते, त्या भिंतीपुढे रडले. त्यांचं म्हातारपण त्या भिंतीत होतं. अॅडलेडला लेकीजवळ छोटं घर, समुद्र दिसेल असं, एवढीच तिची मागणी होती, आणि ती भिंत ती मागणी पुरी करणार होती. आर्गिरीस वर दिवा दुरुस्त करायला गेला तेवढ्यात तिने भिंतीचा व्हिडिओ काढला, आणि घरी येऊन तो लोकांना दाखवला.

तिने काळजी घेतली, हे मी सांगतो. खाणीचं तोंड दाखवलं नाही, टेकडी दाखवली नाही, हद्दीची खूण दाखवली नाही, नवऱ्याचं नाव घेतलं नाही. नुसती भिंत, जांभळ्या उजेडात. "ही कुठे आहे ते माझा देव जाणे आणि माझा नवरा," एवढंच बोलली.

मी तो व्हिडिओ टँकरमध्ये बसून बघितला आणि माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. भिंतीवर बोगदा कोरणाऱ्या यंत्राच्या दातांचे अर्धगोल ओरखडे होते. ते सगळ्यांच्याच भिंतीवर असतात. पण आर्गिरीसच्या यंत्राचा एक दात तुटला होता, आणि त्याने तिथे दुसऱ्याच यंत्राचा दात जोडून टाकला होता. तो बाहेर येतो. त्यामुळे त्याच्या प्रत्येक अर्धगोलात एक खोल चर पडतो. गावात या दातावरून त्याची किती थट्टा झाली होती. जगातल्या कुठल्याही माणसाला त्या व्हिडिओत नुसतं ओपल दिसलं असतं. आमच्यातल्या माणसाला पत्ता दिसला.

मी टँकर तसाच वळवला. तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला. तिने तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला. दुकानात वर बसून उभा जन्म काढलेली बाई, दातांच्या ओरखड्यांकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. मला म्हणाली, "त्याला सांगू नकोस, कुंबारे. मी सांगेन माझ्या वेळेने." मी म्हटलं, आज सांग. ती म्हणाली, हो.

काढून टाकून काय होतं? तोवर लोकांनी तो आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतला होता. संध्याकाळी क्लबात शिरलो तर मिलोराद फोन हातात घेऊन बसला होता. मिलोराद म्हणजे आर्गिरीसच्या शेजारच्या हद्दीत खणणारा सर्ब. मनाने साधा, तोंडाने फाटका. चार लोकांत तो मोठ्याने म्हणाला, "हा बघा आर्गिरीसचा सोन्याचा दात. बायकोने सगळ्या जगाला दाखवला." सगळे हसले. मी हसलो नाही. कोण मोठ्याने हसलं आणि कोण गप्प बसलं, ते मी बघत होतो, पण त्यातून काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या लाइव्हला तो मुका पाहुणा पहिल्यांदा बोलला. त्याने एकच ओळ लिहिली होती. "तो पट्टा पुढे आडवा जातो की खाली उतरतो?" कॅनडाची बाई असं विचारत नाही. हे विचारणारा आमच्याच मातीत हात घालणारा होता. एव्दोकियाने ओळ वाचली, हसली नाही, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी आला नाही. तो कोण होता ते आजही आम्हाला माहीत नाही.

त्याच आठवड्यात उंदीर येऊन गेले. हे मला आर्गिरीसने सांगितलं असं समजू नका. खाणीवरची टाकी भरायला गेलो तर मुख्य विहिरीवर, म्हणजे ज्या उभ्या खड्ड्यातून खाली उतरतात त्यावर, पोलादाचं नवं झाकण आणि हाताएवढं कुलूप. आर्गिरीस शेजारी बसून सिगारेट ओढत होता. चार वर्षांपूर्वी त्याने सोडली होती. मी विचारलं, "आले होते?" तो म्हणाला, "कोण?" मी विचारलं, "किती नेलं?" तो म्हणाला, "नेण्यासारखं होतं काय? नुसता पांढरा दगड."

त्याने पोलिसांना सांगितलं नाही, कारण पोलिसांना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. क्लबात येऊन पूर्वीसारखेच पत्ते खेळायचा. पण टेकडीच्या पलीकडच्या अंगाला त्याच्या खाणीची एक जुनी हवेची विहीर होती, अरुंद, लोखंडी शिडी सोडलेली. तिच्यावर झाकण नव्हतं. मी त्याला म्हटलं, तीही बंद कर, तिथूनच आले असतील. तो म्हणाला, "येऊ देत." मला ते आवडलं नाही. पण आर्गिरीसच्या दोन शब्दांचा अर्थ काढत बसलो तर माझी पाण्याची फेरी राहील, म्हणून मी निघालो.

घरात वेगळंच चाललं होतं. भिंतीचा पत्ता आपल्या व्हिडिओमुळे फुटला हे एव्दोकियाने त्याला शेवटी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उठून मागच्या खोलीत गेला. त्यानंतर ती रोज एकच विचारायची, भिंतीत किती उरलंय? अर्धं? पाव? आणि तो रोज तिला तेच उत्तर द्यायचा जे क्लबात लोकांना द्यायचा. स्वतःच्या बायकोला. जिच्याबरोबर तो त्या भिंतीपुढे उभा राहिला होता तिला. मी टाकी भरत होतो तेव्हा ती दारात येऊन मला म्हणाली, "मी त्याच्या लेखी गावातलीच एक झाले रे, कुंबारे. मला तो गावासारखं उत्तर देतो." मी पाइप गुंडाळत बसलो.

त्याने तिला खाली यायची बंदी केली. कारण सांगितलं नाही. झाकणाची किल्ली त्याच्या गळ्यात.

रविवारी दुपारी आम्ही क्लबात होतो. बाकीचे मॅच बघत होते, मी आणि आर्गिरीस कोपऱ्यात पत्ते मांडून बसलो होतो. माझा फोन टेबलावर वाजला. एव्दोकिया लाइव्ह आली होती, एरवी ती रविवारी येत नसे. मी सहज उघडलं. ती उन्हात उभी होती, डोक्याला रुमाल, कपाळावर दिवा बांधलेला. म्हणत होती की आज तुम्हाला ती भिंत परत दाखवते. खाली फोन चालत नाही, तेव्हा खालचं चित्र काढून आणते आणि संध्याकाळी दाखवते. नवऱ्याने मोठ्या दाराला कुलूप लावलंय, पण मी नवी नवरी असताना त्याचा डबा घेऊन या मागच्या दाराने उतरायची. अजून विसरले नाही. मग तिने फोन फिरवला आणि हवेच्या विहिरीचं तोंड दिसलं.

मी हसून फोन आर्गिरीसपुढे धरला. "बघ, तुझ्या कुलपाची काय किंमत केली बायकोने."

त्याने बघितलं. त्याच्या हातातले पत्ते तसेच राहिले. तो इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"त्या शिडीवर नाही."

"का? काय आहे शिडीला?"

"फोती, तिला सांग. त्या शिडीवर नाही."

मग मला कळलं त्याने विहीर उघडी का ठेवली होती.

त्याने आपल्या बटणांच्या फोनवरून तिला फोन लावला. माझ्या फोनमध्ये तिचं चित्र क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. ती लोकांना म्हणत होती, "नवरा आहे. कुणीतरी चुगली केली. आता ओरडेल. थांब म्हणावं, संध्याकाळी ओरड." तिने फोन कापला. त्याने परत लावला. तिने परत कापला आणि लोक हसले, फोनवर हसरे चेहरे आणि लाल बदामांची रांग वर चढत गेली. मी खाली लिहायच्या जागेत बोट घातलं. माझी बोटं पाइप ओढून जाड झालेली, एक अक्षर लिहायला जातो तर दुसरंच उमटतं. "उतरू नको" एवढं लिहून पाठवलं. ते शब्द आले आणि बदामांच्या गर्दीत वर निघून गेले. मी पुन्हा लिहिलं. कुठल्याशा बाईने माझ्याखाली लिहिलं, "उतर, उतर, आम्ही बघतोय."

तिने फोन ॲप्रनच्या खिशात उभा ठेवला, तोंड बाहेर. आकाश दिसलं, तिचे हात दिसले, शिडीचं वरचं लोखंड दिसलं. ती पायऱ्या मोजत नव्हती, गाणं म्हणत होती. मग चित्र अडखळलं आणि काळं झालं. जमिनीखाली उतरणाऱ्या कुणाचंही होतं तसंच. बघणाऱ्यांना काहीच वाटलं नाही. ते बदाम पाठवत राहिले.

टँकर मी इतक्या जोरात कधी चालवला नव्हता. आर्गिरीस शेजारी बसून एकच शब्द बोलत होता, तिचं नाव. पोचलो आणि विहिरीवर वाकून हाका मारल्या, तेव्हा खालून तिने एकदा उत्तर दिलं. आर्गिरीस उडीच मारायला निघाला होता, मी त्याला पँटच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. गावातले बचावाचे लोक दोर आणि चरखी घेऊन आले. खाली मी गेलो, कारण बाकीचे सगळे त्या भोकात मावणारे नव्हते. आमच्या शिड्या तुकड्यातुकड्यांच्या असतात, एक तुकडा दुसऱ्याला आकड्याने अडकवलेला. वरून दुसऱ्या तुकड्याचे दोन्ही आकडे मागच्या बाजूने करवतीने कापलेले होते, शेवटचा पापुद्रा ठेवून. कापलेलं लोखंड चकचकीत होतं. वरून उतरणाऱ्याला ते दिसलं नसतं, मग तो उंदीर असो की बायको.

एव्दोकिया जिवंत राहिली. विमानाने तिला अॅडलेडला नेलं. कंबरेखालचं तिचं शरीर पुन्हा तिचं झालं नाही.

शिडी कापलेली आहे हे सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. उंदरांनी कापली, मालक पडावा म्हणून. पोलिसांनी तसंच धरलं. एव्दोकियानेही तसंच धरलं. आणि आर्गिरीसने, ज्याला विचारलं तर खरं सांगण्याची कधी सवयच नव्हती, त्याने काहीच सांगितलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला भिंतीला टेकवून म्हटलं, तिला आज सांग. तो मान हलवत राहिला. मला वाटलं होकार आहे. ती नुसती थरथर होती.

ती घरी परत आली, चाकांच्या खुर्चीत. दगड घासायच्या चाकाचं टेबल खाली घेतलं, फोनचा दांडा खाली घेतला, आणि ती पुन्हा लाइव्ह झाली. आता बघणारे किती होते म्हणून सांगू. सगळ्यांना ती गोष्ट ऐकायची असायची आणि ती सांगायची, दर वेळी. चोरांनी माझी शिडी कापली. दगड हातोहात जायचे. आर्गिरीस मागच्या खोलीत जात नसे आता. तिच्या पाठीमागे उजेडाचा दिवा धरून उभा असायचा, ती सांगेल तितका वेळ. ती म्हणेल ते करायचा. लोक लिहायचे, काय नवरा आहे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी ते वाचून फोन खिशात टाकायचो.

मग लोकांना चोराचं नाव हवं झालं. क्लबात मिलोराद काय बोलला होता ते कुणीतरी लिहिलं. त्यानेच दात ओळखला, त्याचीच हद्द शेजारी. एवढं पुरेसं होतं. ज्यांनी मिलोरादला कधी बघितलं नाही अशा माणसांनी त्याला काय काय करायला हवं ते लिहून ठेवलं. ते वाचून गावातल्या कुणाला तरी जोर आला. आधी त्याच्या गाडीचे टायर फाटले. मग त्याची कुत्री विष घालून मारली. मी पाणी घेऊन गेलो तर तो टाकीचं झाकण उघडून वास घेत उभा होता. "फोती," तो म्हणाला, "हे पाणी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलं नाही ना?" मोठ्या तोंडाचा माणूस, आवाज पार बसलेला.

मी तिथून सरळ आर्गिरीसकडे गेलो. यंत्राखाली आडवा होऊन पडला होता, त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी माणूस मरेल. तू बोल, नाहीतर मी बोलतो." त्याने हाताचं तेल पँटला पुसलं. म्हणाला, "बोलतो. पण तिच्याशी एकटीशी मला बोलता येत नाही, फोती. मी करून बघितलं. तोंड उघडत नाही."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिची टाकी भरायला गेलो. पाइप लावला आणि दारात उभा राहिलो. ती चाकावर बसली होती, पाण्याची धार दगडावर पडत होती, फोन समोर. कुणीतरी विचारलं, उंदीर सापडला का? खालोखाल मिलोरादचं नाव येऊ लागलं, एकापाठोपाठ एक. ती म्हणाली, "देव बघून घेईल त्याचं." तेवढ्यात उजेड हलला. आर्गिरीसने दिवा जमिनीवर ठेवला होता. तो पुढे आला आणि फोनच्या समोर उभा राहिला. कुठे बघायचं ते त्याला कळत नव्हतं. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

"मिलोराद नाही," तो म्हणाला. "शिडी मी कापली. उंदीर पडावा म्हणून कापली. ती उतरेल असं मला वाटलं नव्हतं."

सवयीने येणारे बदाम अजून वर जात होते. मग ते थांबले.

एव्दोकियाने पायाने चाक थांबवायचा प्रयत्न केला, जुनी सवय. मग हाताने बटण दाबलं. खोलीत फक्त माझ्या पाइपचा आवाज राहिला. मला वाटलं ती किंचाळेल, हातातला दगड त्याला फेकून मारेल. तिने आवाजही चढवला नाही.

"किती उरलं होतं भिंतीत?" तिने विचारलं.

तो जमिनीवरचा दिवा उचलायला वाकला.

"आर्गिरी. मी ते बघायला उतरले होते. किती उरलं होतं?"

"काही नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्याच रात्री सगळं नेलं त्यांनी."

तिने हातातला दगड टेबलावर ठेवला. फोन चालूच होता, आणि तो बंद करावा हे आमच्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

"मग राखत काय होतास तू?"

त्याने तोंड उघडलं. सगळ्या जगासमोर उघडलं, आणि त्यातून काही आलं नाही. टाकी भरून पाणी दारातून वाहू लागलं होतं, ते माझ्या बुटांपर्यंत आलं तेव्हा मी भानावर आलो आणि पाइप बंद करायला बाहेर गेलो.